दाह शमवायचा, पण कधी?

वणी परिसरातला एखादा द्राक्षमजूर पोटदुखीवर दुकानातल्या गोळ्या घेत दोन-तीन दिवस काढतो आणि अपेंडिक्स फुटल्यावर सुमारे ४० किलोमीटरवरच्या नाशिकला पोचतो, तेव्हा त्याच्या शरीरातली दाहप्रक्रिया कोणत्या टप्प्यावर आहे हे केवळ तपासून सांगता येत नाही. पेशींच्या संदेशवाहक प्रथिनांना, म्हणजे सायटोकाइनना, हाताळून दाह शमवणाऱ्या उपचारांची खरी अडचण हीच आहे.

जंतू उदरपोकळीत पसरले की भक्षकपेशी टीएनएफ आणि इंटरल्यूकिन-१ ही दाह भडकवणारी प्रथिने सोडतात, आणि प्रतिक्रिया आवाक्याबाहेर गेली तर रक्तदाब कोसळतो. मात्र जवळपास त्याच वेळी इंटरल्यूकिन-१० सारखी शमन करणारी प्रथिनेही वाढू लागतात. सेप्सिसचे अभ्यासक रॉजर बोन यांनी १९९६ मध्ये या भरपाईच्या प्रतिक्रियेकडे लक्ष वेधले. ती लांबली तर भक्षकपेशी सुस्तावतात आणि शस्त्रक्रियेनंतर दुसराच संसर्ग बळावतो. उंदरांना जंतूंचे निव्वळ विष टोचले तेव्हा इंटरल्यूकिन-१० ने त्यांना वाचवले. क्लेबसिएला जंतूच्या न्यूमोनियात मात्र हे प्रथिन निष्प्रभ केल्यावरच जास्त उंदीर जगले. विषाला मारावे लागत नाही, जिवंत जंतूला लागते.

माणसांवरचे निष्कर्षही सावध करणारे आहेत. इंटरल्यूकिन-१ ला अडवणाऱ्या प्रथिनाच्या १९९४ च्या चाचणीत सेप्सिसच्या ८९३ रुग्णांत मृत्यूंमध्ये लक्षणीय घट दिसली नाही. टीएनएफ बांधून ठेवणाऱ्या प्रथिनाच्या १९९६ च्या चाचणीत तर मोठ्या मात्रेच्या गटात मृत्यू वाढले.

तरीही २०२१ मध्ये कोविडच्या साथीत महाराष्ट्रात इंटरल्यूकिन-६ ला अडवणाऱ्या टोसिलिझुमॅबसाठी नातेवाईक वणवण फिरत होते. ब्रिटनमधल्या रिकव्हरी या कोविड-चाचणीतला लाभ ऑक्सिजन कमी आणि सीआरपी हे दाहदर्शक प्रथिन किमान ७५ असलेल्या रुग्णांपुरता होता. ही अट धावपळीत अनेकदा मागे पडली. शल्यचिकित्सकाच्या दृष्टीने दुसरी बाब अधिक गंभीर आहे. इंटरल्यूकिन-६ चा संदेश अडला की यकृत सीआरपी बनवणे जवळजवळ थांबवते, तापही दबतो. म्हणजे पोटात पू साचत असताना अहवाल समाधानकारक येऊ शकतो. त्यातच क्षयाचे सुप्त जंतू बाळगणारी माणसे आपल्याकडे विपुल, आणि टीएनएफ रोखणाऱ्या औषधांनी तो क्षय जागा होतो हे २००१ पासून नोंदलेले आहे.

अशा औषधांच्या देशी आवृत्त्या आता मिळतात आणि स्वस्त होतील तशी ती लहान रुग्णालयांतही पोचतील. रुग्ण दाहाच्या भरात आहे की प्रतिकारशक्तीच्या ओहोटीत, हे ठरवायला मोनोसाइट या रक्तपेशींवरील एचएलए-डीआर हे प्रथिन मोजणे उपयोगी पडते, पण त्यासाठी फ्लो सायटोमीटर हे यंत्र लागते आणि नमुना थंड ठेवून काही तासांत तपासावा लागतो. ती सोय औषधाच्या मागोमाग तालुक्यापर्यंत येईल असे मानायला सध्या आधार नाही. तोवर मात्रा ठरेल ती सीआरपीच्या आकड्यावर, आणि पहिल्या मात्रेनंतर तो आकडाही भरवशाचा उरणार नाही.