जुनें तें सोनें?

जुना तांदूळ गुणाला चांगला, मुरलेलें लोणचें चवीला चांगलें. परंतु म्हणून कोणी दूध मुरत ठेवीत नाहीं. बिअर ही दुधाच्या पंक्तींतली, असा सर्वसाधारण समज आहे, व तो बव्हंशीं खराहि आहे. शेंकडा चार-पांच मद्यार्क असलेली बिअर कांहीं महिन्यांतच शिळी होते व तिला ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येऊं लागतो. इंग्लंडांतील ‘बार्ली वाइन’ नांवाची कडक बिअर मात्र ह्या नियमास अपवाद आहे.

डॉर्चेस्टर येथील एल्ड्रिज पोप ह्या कारखान्यानें १९६८ सालीं कादंबरीकार टॉमस हार्डी ह्यांच्या चाळिसाव्या पुण्यतिथीच्या निमित्तानें अशी एक बिअर काढली. तिच्यांत मद्यार्क शेंकडा सुमारें बारा असे, आणि ती पंचवीस वर्षें टिकेल अशी ग्वाही दिलेली असे. बर्टन येथील बास कंपनीच्या जुन्या तळघरांत २००६ सालीं तर १८६९ सालच्या बाटल्या सांपडल्या, व त्यांतल्या कांहीं अद्याप पिण्याजोग्या निघाल्या!

हें घडतें कसें? मद्यार्क अधिक असला म्हणजे नासविणाऱ्या जंतूंस फारसा थारा मिळत नाहीं. हॉपच्या फुलांचा कडवटपणा हळूहळू सौम्य होतो. बाटलींतील किंचित् प्राणवायु हलक्या बिअरला बिघडवितो. पण तोच ह्या दाट, गोडसर बिअरला मनुका-खजुरांची आठवण देणारी रुचि आणतो. शिवाय इंग्लंडच्या जुन्या मुरवलेल्या बिअरची विशिष्ट चव एका निराळ्या किण्वामुळें येते, असें कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग कारखान्यांतील शास्त्रज्ञ क्लॉसन ह्यांनीं १९०४ सालीं दाखविलें. त्याचें नांव त्यांनीं ‘ब्रेटॅनोमायसिस’, म्हणजे ‘ब्रिटिश बुरशी’, असें ठेविलें. इतरत्र हेंच किण्व बिअर बिघडविणारें मानतात.

ह्या बाटल्या उभ्या, अंधारांत व सुमारें बारा-तेरा अंश उष्णतामानांत ठेवाव्या लागतात. उजेडानें हॉपमधील कडू द्रव्य बिघडून दुर्गंधि सुटते. जिची सारी शोभा हॉपच्या सुवासांत असते, ती बिअर मात्र कितीहि कडक असली तरी ताजीच घ्यावी. सुवास आधीं उडून जातो.

म्हणून तिकडील जाणते लोक एकाच सालच्या पांच-सहा बाटल्या घेऊन ठेवतात व दर वर्षीं एक उघडून पाहतात. कारण मुरण्याची परिपूर्ति केव्हां झाली, हें पंचांग पाहून कळत नाहीं. एकुलती एक बाटली मोठ्या प्रसंगासाठीं जपून ठेवणाऱ्याच्या वांट्यास पुष्कळदां सरलेली चवच येते.