सुईणीला परवाना हवाच

अमेरिकेतील कृष्णवर्णीय कुटुंबांना घरच्या बाळंतपणासाठी प्रशिक्षित सुईण मिळाली पाहिजे आणि तिचे शुल्क मेडिकेड या कमी उत्पन्न गटासाठीच्या सरकारी आरोग्य विमा योजनेने भरले पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. २०२० मध्ये तेथील कृष्णवर्णीय मातांची घरची बाळंतपणे वर्षभरात ३६ टक्क्यांनी वाढली. हा केवळ करोनाच्या भीतीचा परिणाम नव्हे. २०२३ मध्ये दर लाख जिवंत जन्मांमागे ५०.३ कृष्णवर्णीय माता दगावल्या. गोऱ्या मातांचे प्रमाण १४.५ होते. रुग्णालयावरचा या कुटुंबांचा अविश्वास उगाच आलेला नाही.

अर्थात, घरीही रक्तस्राव थांबेनासा होऊ शकतो आणि मग रुग्णालयच गाठावे लागते. पण जॉर्जियासारखे राज्य परिचारिका नसलेल्या सुईणीला परवानाच देत नाही. तेथे बाळंतिणीला घेऊन रुग्णालयाच्या दारात जाणाऱ्या सुईणीलाच कारवाईची धास्ती असते. ती घुटमळली, तर त्या मिनिटांची किंमत आई मोजते. बंदीने सुईणी संपत नाहीत, फक्त लपून काम करतात.

जॉर्जियाच्या विधिमंडळाने परवान्याचा कायदा तातडीने करावा. रुग्णालयांनीही सुईणीने आणलेल्या मातेला, सुईणीच्या नोंदी ग्राह्य धरून, उलटतपासणी न करता दाखल करून घ्यावे.