दोन पित्तें

घशाशीं आंबट आलें तरी आपण 'पित्त झालें' म्हणतों, आणि अंगावर खाजऱ्या गांधी उठल्या तरी 'पित्त उठलें' म्हणतों. पहिलें जठरांतील आम्लाचें, दुसरें बहुधा ॲलर्जीचें. परंतु पहिल्यावरील औषधाचा दुसऱ्याशीं संबंध असावा, असें अलीकडील संशोधन सुचवितें.

आमचें नंदुरबार लाल मिरचीचें माहेर. हंगामांत पथाऱ्यांवर मिरची वाळत असते, आणि घरोघरीं तिची फोडणी बसते. मग छातींत जळजळ, आणि औषधांच्या सामाईक डब्यांतून ओमेप्राझोल वा पॅंटोप्राझोलची गोळी! आम्लपित्त नवें नव्हे. माधवनिदानांत त्याचें स्वतंत्र प्रकरण आहे. नवी आहे ती वैद्यास न विचारतां महिनोन् महिने गोळी घेण्याची संवय.

जठरांतील आम्ल निरर्थक नाहीं. डाळ, दूध, शेंगदाणे यांतील प्रथिनें तोडणारें पेप्सिन तीव्र आम्लांतच काम करतें. आम्ल घटलें म्हणजे कांहीं प्रथिनें अर्धवट तुटलेलीं आंतड्यांत पोंचतात. शरीर त्यांस शत्रु समजून आयजीई नांवाचीं प्रतिद्रव्यें निर्माण करूं शकतें. पुढें तेंच अन्न घेतल्यावर गांधी, खाज, क्वचित् श्वासरोधहि होतो.

व्हिएन्नाच्या संशोधकांनीं २००५ सालीं १५२ प्रौढ रुग्णांविषयीं लिहिलें : तीन महिन्यांच्या औषधानंतर सुमारें चतुर्थांशांत अन्नाविरुद्ध आयजीई वाढलें वा नव्यानें उपजलें. २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रियांतील विमानोंदींत अशीं औषधें घेणाऱ्यांस पुढें ॲलर्जीचीं औषधें लागण्याचें प्रमाण सुमारें दुप्पट, तर साठीपलीकडे पांचपट आढळलें. अमेरिकेंत सुमारें ७ लक्ष ९२ हजार मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या (२०१८). पहिल्या सहा महिन्यांत हीं औषधें मिळालेल्या अर्भकांत अन्नाच्या ॲलर्जीचा संभव अडीचपटींहून अधिक दिसला.

संबंध दिसला म्हणजे कारण सिद्ध झालें, असें नव्हे. जठरव्रणाच्या किंवा रोज ॲस्पिरिन घेणाऱ्या कित्येक रुग्णांस ही गोळी खरोखर रक्षक ठरते. शिवाय दीर्घकाळ घेतलेली गोळी एकाएकीं सोडल्यास आम्ल उसळून येतें; म्हणून ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेंच कमी करावी.

एकत्र कुटुंबांत डबा एक असला तरी प्रकृति अनेक असतात. आजोबांची गोळी नातवास देऊं नये. तान्ह्या बाळानें दूध टाकलें म्हणून ती मागूं नये. अंगावर पित्त उठल्यास तर, नांव एकच म्हणून, आम्लाची गोळी मुळींच पुढें करूं नये. आणि जेवणांतील तिखट थोडें कमी करून, रात्रीं लवकर जेवून पाहावें. त्यास कोणाची चिठ्ठी लागत नाहीं.