शून्य दाखवतंय की!

उसाच्या काट्यात खोट आली की आमचा शेतकरी कारखान्याच्या गेटवर ट्रॅक्टर आडवा लावतो. लावावाच. काटामारी त्याच्या पोटाला बसलेली असते. पण मोडनिंबात पाण्याच्या टाकीशेजारी टांगलेल्या डब्यावर ‘गढूळता 0’ एवढं वाचलं की तोच माणूस निमूट घागर भरून घरी जातो.

डबा बसवणाऱ्या पोराला मी विचारलं, “कॅलिब्रेशन कशावर केलंस?”

“सेन्सर जारच्या पाण्यात बुडवला, सर. तिथं शून्य धरलं.”

“आणि दुसरं टोक?”

“चिखल कालवला.”

किती कालवला? मूठभर. कुणाची मूठ, ते मी विचारलं नाही.

साखर कारखान्याच्या लॅबमध्ये जन्म काढलेल्या माणसाचं डोकं इथं फिरणारच. गढूळतेला प्रमाण म्हणून फॉर्मॅझिन वापरतात. हायड्रॅझिन सल्फेट आणि हेक्सामाइन एकत्र करून चोवीस तास ठेवलं की दुधट द्रावण तयार होतं. पहिला पदार्थ विषारी, म्हणून घरी हा उद्योग करू नये. ठरलेल्या गढूळतेच्या सीलबंद कुप्या विकत मिळतात. डब्याचं बिल लावताना कुप्या कुणाला आठवल्या नाहीत.

बरं, कुप्या आणल्या असत्या तरी काय दिवे लागले असते? पिण्याच्या पाण्याच्या गढूळतेचं भारतीय मानक आहे 1 एनटीयू. दुसरा स्रोतच नसेल तर फार तर 5. या डब्यातला अर्डुइनो बोर्ड सेन्सरचा सिग्नल मोजताना 5 व्होल्टचे 1024 तुकडे करतो. त्यात या सेन्सरसोबत सर्रास वापरतात ते तयार सूत्र घातलं, की स्वच्छ पाण्याच्या टोकाला एकेक तुकडा सुमारे 18 एनटीयूचा पडतो. म्हणजे पाच किलोची मोजणी अठरा किलोच्या मापानं! उणे उत्तर आलं तर प्रोग्रॅम त्याचं शून्य करतो, ते वेगळंच. ही सेन्सरची जात मुळात कपडे-भांडी धुण्याच्या यंत्रांतली. फेसाचं पाणी निवळलं की नाही, एवढं ती इमानदारीत सांगते. तिला माणसांच्या घशाची राखण करायला आपण बसवलं, त्यात तिची काय चूक?

गढूळपणा नुसता डोळ्यांना खुपतो असंही नाही. मातीच्या कणाआड जंतू दडतात, आणि जंतुनाशक टीसीएल पावडर टाकूनही वाचतात. आणि क्षार, नायट्रेट तर नितळ पाण्यातही विरघळून बसलेले असतात. ते या डब्याला दिसायचेच नाहीत. तरी पाटीवर शून्याखाली हिरव्या अक्षरांत लिहिलंय ‘शुद्ध’.

सेन्सर पारदर्शक भांड्यात, भर उन्हात. पाण्यातून पलीकडे जेवढा प्रकाश पोचेल तेवढं पाणी स्वच्छ, एवढंच त्याला कळतं. मग उन्हाचा उजेडही तो पाण्याच्याच खात्यावर जमा करतो. मी खांद्यावरचा टॉवेल भांड्यावर टाकला. आकडा शून्यावरून उठला, हलला, चढत गेला.

पोरगं धावत आलं. “सर, टॉवेल काढा ना, रीडिंग बिघडतंय.”