कुणाला विचारायचं?

ब्राउझरमध्ये शोधाला कीवर्ड देता येतो, पण आपल्यातले फार थोडे जण ते वापरतात. फायरफॉक्समध्ये मराठी विश्वकोशाच्या शोधचौकटीवर उजवी टिचकी मारा, शोध जोडायचा पर्याय निवडा आणि कीवर्ड द्या 'वि'. मग वर पत्त्याच्या जागी 'वि सेवाग्राम' लिहून एंटर मारलं, की थेट विश्वकोश. कीवर्ड देवनागरीतच ठेवा बरं का, नाहीतर एका अक्षरासाठी कळफलक बदलत बसाल!

वेळ वाचतो म्हणून लोक याचं कौतुक करतात. चार-दोन सेकंद वाचतात, तेवढंच. मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की कुणाला विचारायचं ते आपण ठरवतो. नुसतं 'सेवाग्राम' गूगलवर टाकलं, की गाडीचं वेळापत्रक आणि लॉजही पुढे येतात. विश्वकोशातली नोंद कितवी येईल, ते गूगल ठरवणार.

आम्हा वर्धेकरांना पत्त्याचा हा घोळ जुनाच. गांधीजी १९३६ साली राहायला आले, तेव्हा सेवाग्रामचं नाव शेगाव होतं. त्यांचं टपाल गजानन महाराजांच्या शेगावला, बुलढाण्याकडे, जायचं. म्हणून १९४० साली गावाचं नावच बदललं.

मोल्सवर्थच्या कोशाला मी 'मो' दिलाय. तुम्ही कशाला काय दिलंत?