आकडा खरा, पण कशाचा?

२०२०-२१ मधील कोरोनाच्या साथीत बोटाला लावायचा ऑक्सिमीटर तुमच्या घरी किंवा शेजारी नक्कीच आला असेल. "पंच्याण्णव आहे, काळजी नको," असे आपण म्हणत असू. हे यंत्र रक्तातील ऑक्सिजन मोजते, असे आपण धरून चाललो होतो. पण ते ऑक्सिजन मोजतच नाही. ते मोजते फक्त प्रकाश!

आजूबाजूचा एखादा बदल टिपून त्याचे विजेच्या संकेतात रूपांतर करणारे साधन म्हणजे संवेदक, अर्थात सेन्सर. ऑक्सिमीटरच्या चिमट्यात एका बाजूला दोन बारीक दिवे असतात. एकाचा प्रकाश तांबडा, सुमारे ६६० नॅनोमीटर तरंगलांबीचा. दुसऱ्याचा अवरक्त, सुमारे ९४० नॅनोमीटरचा. समोर असतो प्रकाशाचा संवेदक. ऑक्सिजनयुक्त हिमोग्लोबिन तांबडा प्रकाश कमी शोषते आणि अवरक्त जास्त. ऑक्सिजन नसलेल्याचे याच्या उलट. नाडीच्या प्रत्येक ठोक्याला पलीकडे पोचणारा प्रकाश किंचित कमीजास्त होतो. तेवढाच बदल हिशेबात घेण्याची युक्ती जपानी अभियंता ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये मांडली.

मग ९५ हा आकडा कोठून येतो? निरोगी माणसांच्या रक्ताची प्रत्यक्ष तपासणी करून अगोदरच तयार केलेल्या कोष्टकातून. खरी मेख येथेच आहे. अशा चाचण्यांत काळ्यासावळ्या कातडीची माणसे फार थोडी होती, आणि कातडीतील रंगद्रव्यही प्रकाश शोषते! डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतील डॉक्टरांनी एक तुलना प्रसिद्ध केली. यंत्र ९२ ते ९६ दाखवीत असताना रक्तात प्रत्यक्षात ८८ पेक्षा कमी भरल्याची उदाहरणे गोऱ्या रुग्णांत शंभरात सुमारे ४ होती, तर कृष्णवर्णीयांत सुमारे १२. आपल्यापैकी बहुतेकांची कातडी सावळी. तेव्हा हा प्रश्न आपलाही आहे.

म्हणून यंत्र फेकून द्यावे काय? मुळीच नाही. त्याच्या इशाऱ्यामुळे कित्येकांना वेळीच इस्पितळ गाठता आले. पण आकडा चांगला दिसत असूनही रोग्याला धाप लागत असेल, तर विश्वास धापेवर ठेवावा आणि डॉक्टरांकडे जावे.

माझे म्हणणे एवढेच, की "संवेदक म्हणजे काय?" याची व्याख्या घोकून घेणे पुरेसे नाही. हा संवेदक प्रत्यक्षात काय टिपतो, आणि त्याचे माप कशाशी ताडून घेतले आहे, हे दोन प्रश्न विचारण्याची सवय शाळेतच लागली पाहिजे. शिक्षकांनी प्रयोगशाळेतील सगळे तापमापक एकाच भांड्यातील पाण्यात बुडवावेत आणि प्रत्येकाचा आकडा फळ्यावर लिहावा. बहुधा ते सारे जुळणार नाहीत. मग वितळत्या बर्फात कोणता तापमापक शून्य दाखवतो, ते मुलांनीच शोधून काढावे. एका तासिकेचे तर काम आहे!