ड्राइव्ह दिसत नाही म्हणून टाकू नका



चातुर्मासातली प्रवचनं, वर्षीतपाच्या पारण्याचं शूटिंग, स्तवनं... सिन्नरमधल्या आपल्या कितीतरी घरांत हे अजून सीडीवरच आहे. कॉम्प्युटरला ड्राइव्ह दिसेनासा झाला की दुरुस्तीवाले सांगतात, "टाकून द्या, आता सीडी कोण वापरतं?" मला हे पटत नाही. अपरिग्रह म्हणजे न तपासता फेकणं नव्हे.

आधी बटण दाबून ट्रे उघडतो का पाहा. उघडत नसेल तर बहुधा वीजच पोचत नाही. मग बायोसमध्ये ड्राइव्हचं नाव शोधा. तिथेही नसेल तर कॉम्प्युटर बंद करून, प्लग काढून साटा आणि पॉवरची केबल नीट बसवा. तिथे नाव आहे पण विंडोजमध्ये नाही, तर डिव्हाइस मॅनेजरमधून ड्राइव्ह अनइन्स्टॉल करून कॉम्प्युटर पुन्हा सुरू करा. तरीही नाही? सीडी राइट करायचं जुनं सॉफ्टवेअर काढल्यावर रजिस्ट्रीत कधीकधी अपरफिल्टर्स, लोअरफिल्टर्स अशा नोंदी मागे राहतात. त्या जाणकाराकडूनच काढून घ्या, स्वतः हात लावू नका. बाहेरून जोडायचा ड्राइव्ह असेल तर हबमधून वीज कमी पडते, थेट कॉम्प्युटरला लावा.

चालू झाला की त्याच दिवशी प्रती करा. राइट केलेल्या सीडीचा थर ऊन-उष्णतेने खराब होतो. पाठांतर विसरलं जाऊ लागलं म्हणूनच देवर्धिगणी क्षमाश्रमणांनी वल्लभीला आगम लिहवून घेतले ना! ज्ञानपंचमीला, कार्तिक शुद्ध पंचमीला, आपण पोथ्या-पुस्तकं पुसतो. माझ्या मते सीडीचा डबाही त्या दिवशी माळ्यावरून खाली यावा.